तिला सोडून सगळ्यांना ठाऊक!

'व्वा! फारच लवकर आलात की आज!'

रात्री साडेनऊला दारात उभ्या राहिलेल्या नवऱ्याला हे वाक्य कधीच ऐकवलं नाही, अशी बाई शोधून तरी सापडेल का? गंमत बघा, या वाक्यात रागाचा एकही शब्द नाही. उलट कौतुकच आहे! मराठी शिकणाऱ्या एखाद्या परक्या माणसानं शब्दकोश घेऊन अर्थ लावायचा म्हटलं, तर तो बिचारा म्हणेल, 'बाई अगदी खुशीत दिसताहेत.' नवरा मात्र मुकाट्यानं चपला काढतो आणि हातपाय धुवायला जातो. त्याला बरोबर कळलेलं असतं.

शब्द एक सांगतात आणि अर्थ निघतो दुसराच. दिसतं एक आणि असतं भलतंच. या दोहोंमधल्या फटीला इंग्रजीत 'आयरनी' म्हणतात. मराठीत त्याला एकच एक शब्द नाही. उपरोध, वक्रोक्ती, विपर्यास, दैवदुर्विलास असे वेगवेगळे शब्द आपण जागा बघून वापरतो. मूळ शब्द ग्रीक भाषेतला. जुन्या ग्रीक विनोदी नाटकांत एक ठरलेलं पात्र असायचं. असायचं हुशार, पण सोंग घ्यायचं अडाण्याचं, आणि बढाईखोर माणसाची बघताबघता फजिती करायचं. आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवा, म्हणजे हे पात्र कसं असेल ते वेगळं सांगायला नको. त्या पात्राच्या नावावरून हा शब्द आला.

गोष्ट सांगणारे लोक ही फट तीन तऱ्हांनी वापरतात. एक बोलण्यातली, दुसरी घडण्यातली आणि तिसरी ठाऊक असण्यातली. हे तीन प्रकार ओळखता आले की कथा, नाटक, सिनेमा दुप्पट आवडतो, हे तर आहेच. पण या तिन्ही तऱ्हा लेखकांनी आणल्या कुठून? तुमच्या-माझ्या घरातून, गल्लीतूनच. म्हणून गोष्टीत त्या ओळखायची सवय लागली, की घरातल्याही दिसायला लागतात.

बोलण्यातली

शाळेत व्याकरणाच्या पुस्तकात 'व्याजस्तुती' आणि 'व्याजोक्ती' असे दोन अलंकार होते, आठवतात? परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. वास्तविक आपल्या स्वयंपाकघरात दोन्ही रोजचे! वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा त्याच्या उलट, ती व्याजस्तुती. खरं कारण झाकून भलतंच कारण पुढे करायचं, ती व्याजोक्ती. 'डोळे का गं लाल झालेत?' 'काही नाही, कांदा चिरत होते.' आपल्या आज्यांनी, पणज्यांनी असे किती कांदे चिरले असतील, त्याची गणतीच नाही. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हणही याच घराण्यातली. बोलायचं एकीला, लागायचं दुसरीला.

बायकांच्या बोलण्यात हे एवढं का बरं असावं? सरळ बोलायची सोयच नव्हती म्हणून! सासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासूला उलट उत्तर द्यायचं नाही. मग जात्यावर बसल्यावर ओवीतून, मंगळागौरीच्या खेळातून, लग्नात विहिणीला म्हटलेल्या गाण्यातून सगळ्यांची हजेरी घ्यायची. कुणी जाब विचारलाच, तर 'अहो, गाणं आहे ते!' म्हणायला मोकळी.

हेच हत्यार उघड्यावर आणून वापरलं ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा कमी झाली, पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सबंध स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं गेलं. मूल काही एकट्या बाईचं नसतं, पण त्या पुरुषाबद्दल कुणी अवाक्षर काढायला तयार नव्हतं. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहून त्याचं उत्तर दिलं. बायकांना चिकटवलेला एकेक दुर्गुण उचलायचा आणि 'हा तुमच्यात नाही का?' म्हणून पुरुषांपुढेच ठेवायचा, ही त्यांची पद्धत. नवरा म्हणजे देव असं म्हणता ना, मग त्यानं देवासारखं वागायला नको का, असं त्या विचारतात. वरवर बघितलं तर त्यांनी नवऱ्याचं देवपण मान्यच केलंय. पण ते मान्य करता करताच त्याच्या पायाखालची सतरंजी ओढून घेतलीये! जोतीराव फुले त्या वेळी ताराबाईंच्या बाजूनं उभे राहिले. पुढे पुस्तक विस्मृतीत गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणलं. गावातल्या वाचनालयात असेल, तर जरूर मागून घ्या.

पण थांबा. या हत्याराची दुसरी बाजूही बघायला हवी. 'आमच्या सूनबाई शिकलेल्या हो, त्यांना कशाला भाकरी यायला हवी?' हे वाक्य कागदावर उतरवून बघा. यात शिवी नाही, आरोप नाही, सुनेच्या शिक्षणाचं कौतुकच आहे. पण दिवसातून चार वेळा, चार पाहुण्यांदेखत ऐकावं लागलं, की जीव नकोसा होतो. आमच्या समुपदेशन केंद्रात एखादी मुलगी येते, तासभर रडते, आणि 'नेमकं काय म्हणतात ते सांग, लिहून घेऊ' असं म्हटलं की गप्प होते. लिहून घेण्यासारखं काहीच नसतं! सगळे शब्द चांगलेच असतात. आईला सांगितलं तर आई म्हणते, 'चांगलंच तर म्हणाल्या की!' उपरोधात पुरावा मागे राहत नाही. जिला तोंड उघडायची बंदी आहे तिच्या हाती तो असतो तेव्हा ती तिची हिंमत असते. ज्याच्या हाती घराच्या किल्ल्या आहेत त्यानं वापरला, की तो छळ होतो. म्हणून गोष्टीत कुणी उपरोधानं बोललं, की नुसतं हसून पुढे जाऊ नका. कोण कुणाला बोलतंय, तेही बघा.

घडण्यातली

दुसरा प्रकार नशिबाशी खेळणारा. इथे थोडा गोंधळ होतो. लग्नात पाऊस आला आणि मांडव भिजला, ही झाली अडचण. पण उन्हाचा त्रास नको म्हणून हट्टानं मे महिन्यातला मुहूर्त सोडून जूनचा धरला, आणि त्याच दिवशी पावसानं मांडव वाहून गेला, तर ती आयरनी! नुसतं वाईट घडून भागत नाही. जे टाळायला धडपडलो, त्या धडपडीतूनच ते समोर यावं लागतं.

मोपासाँ या फ्रेंच लेखकाची 'हार' ही १८८४ सालची कथा याचा नमुना म्हणून जगभर सांगतात. कारकुनाची देखणी बायको. आपला जन्म श्रीमंतीत व्हायला हवा होता, असं तिला सतत वाटतं. एका बड्या समारंभाला जायचं म्हणून ती श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते. समारंभात मिरवते, सगळ्यांचे डोळे दिपवते आणि घरी परतताना हार हरवून बसते. मैत्रिणीला सांगायची लाज वाटते. नवरा-बायको कर्ज काढून छत्तीस हजार फ्रँकला तस्साच दुसरा हार घेतात आणि गुपचूप परत करतात. मग दहा वर्षं ते कर्ज फेडणं! मोलकरीण काढून टाकली, घर बदललं, बाई स्वतः धुणीभांडी करते, पाणी वाहते, बाजारात पै-पैशासाठी भांडते. हात खरखरीत होतात, रूप जातं. कर्ज फिटल्यावर एक दिवस मैत्रीण भेटते आणि ही तिला अभिमानानं सगळं सांगते. मैत्रीण तिचे हात हातात घेते. तो हार खोटा होता. फार तर पाचशे फ्रँकचा!

श्रीमंत दिसण्यासाठी मागून आणलेल्या वस्तूनं तिला गरीब करून सोडलं. ही झाली घडण्यातली आयरनी. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्याच दिवशी 'अगं, हरवला गं तुझा हार' एवढं एक वाक्य ती बोलली असती, तर दहा वर्षं वाचली असती. या कथेतला खरा घात त्या न बोललेल्या वाक्यानं केला, असं मला तरी वाटतं.

हाच प्रकार दर वेळी कडूच असतो असं नाही. ओ. हेन्री या अमेरिकी लेखकाची १९०५ सालची एक नाताळची गोष्ट आहे. बायको आपले लांबसडक केस विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेते. नवऱ्यानं तिच्या केसांसाठी सुंदर कंगवे आणलेले असतात, तेही ते घड्याळ विकून! दोघांच्याही भेटी निरुपयोगी ठरल्या. पण म्हणूनच तर दोघांना एकमेकांची किंमत कळली. दोन्ही कथांची बांधणी एकच. एकीत लपवलं ते लाजेपोटी, दुसरीत प्रेमापोटी. शेवटची चव त्यामुळे बदलली.

आणि आपल्याकडे? गावात फिरताना घरांवरच्या पाट्या वाचा. घराला बायकोचं किंवा आईचं नाव अगदी हौसेनं दिलेलं असतं. तेच घर कुणाच्या नावावर आहे, हे उताऱ्यावर बघितलं, तर पाटीवरची बाई तिथे नसते. कायद्यानं आज काहीच आडवं येत नाही, तरी नसते. बोलायला 'गृहलक्ष्मी' आणि भाजीला पैसे मागायचे दुसऱ्याकडे. बोलायला 'अन्नपूर्णा' आणि जेवायची सगळ्यांच्या शेवटी. हे शब्द उपरोधानं कुणी म्हणत नाही, मनापासूनच म्हणतात. आयरनी घडवायला दर वेळी लेखक लागतोच असं नाही!

ठाऊक असण्यातली

तिसरा प्रकार माझ्या मते सगळ्यांत जोरकस. अभ्यासक त्याला नाट्यात्म उपरोध म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं, तर गोष्टीतल्या पात्राला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असतं.

समजा, नायिका स्वयंपाकघरात गेली आणि एकदम भडका उडाला. आपण दचकू आणि विसरून जाऊ. पण सिलिंडर गळतोय हे लेखकानं आपल्याला आधीच दाखवलं, आणि मग नायिका गाणं गुणगुणत काडेपेटी शोधतेय असं दाखवलं, तर? आपण श्वास रोखून बसतो. ती काडेपेटी कुठे ठेवली ते आठवत उभी राहते तो प्रत्येक क्षण जड होतो. तिचं गाणं तेच, पण आपल्या कानाला ते वेगळंच ऐकू येतं. रोजच्या मालिका याच एका युक्तीवर वर्षानुवर्षं चालतात. दुधात काय मिसळलंय ते जावेला ठाऊक, मोलकरणीला ठाऊक, घरबसल्या आपल्याला ठाऊक. नायिका तेवढी हसून पेला उचलते, आणि आपण हातातलं निवडणं टाकून ओरडतो, 'अगं पिऊ नकोस गं बाई!'

याच युक्तीनं हसवताही येतं. 'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ सालचा सिनेमा आठवा. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साड्या नेसून बिऱ्हाडात वावरतात. हे पुरुष आहेत हे आपल्याला ठाऊक, घरमालकीणबाईंना नाही. त्या जितक्या मायेनं त्यांच्याशी बोलतात, तितके आपण पोट धरून हसतो. तिथे न कळण्याची किंमत फार तर थोडी फजिती एवढीच आहे. किंमत मोठी झाली की हसू मावळतं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाटकात ईडिपस राजा भर सभेत जुन्या राजाच्या खुन्याला शाप देतो. तो खुनी आपणच आहोत आणि तो राजा आपला बाप होता, हे त्याला ठाऊक नसतं. प्रेक्षकांना मात्र ती कथा पाठ असायची.

आपल्याकडे याची सर्वांत मोठी गोष्ट कुंतीची. कर्ण तिचा थोरला मुलगा. हे कुंतीला ठाऊक, कृष्णाला ठाऊक, युद्धाआधी खुद्द कर्णालाही कळलेलं. ज्यांच्या हातून तो मरणार त्या पांडवांना तेवढं ठाऊक नाही! युद्ध संपल्यावर मेलेल्यांना पाणी द्यायची वेळ येते, तेव्हा कुंती तोंड उघडते, 'कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा भाऊ होता.' त्यावर युधिष्ठिर काय करतो? दुःखानं आणि संतापानं शाप देतो, की यापुढे कुठल्याही बाईच्या मनात गुपित राहणार नाही! आता बघा. उभा जन्म एवढं मोठं गुपित जिनं पोटात ठेवलं ती बाई. आणि शाप मिळाला, तो बायकांच्या पोटात काही राहू नये म्हणून. महाभारतात एवढी मोठी आयरनी दुसरी नसेल.

तिन्ही एका ठिकाणी

हे तिन्ही प्रकार एकत्र बघायचे असतील, तर विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक वाचा. १९६७ मध्ये ते रंगभूमीवर आलं, आणि सुलभा देशपांडे यांनी केलेली लीला बेणारेची भूमिका त्यानंतर मराठी माणूस विसरला नाही. हौशी नाटकवाल्यांची एक मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला येते. संध्याकाळपर्यंत वेळ घालवायचा म्हणून ते आपसात एक खोटा खटला खेळायचं ठरवतात. बेणारे ही शिक्षिका आत तोंड धुवायला गेलेली असताना बाकीचे कुजबुजून तिलाच आरोपी ठरवतात. म्हणजे आपल्याला ठाऊक आणि तिला नाही! आरोप कोणता, तर भ्रूणहत्येचा. खेळ म्हणता म्हणता तिच्या खासगी आयुष्यातलं सगळं बाहेर काढलं जातं. ती अविवाहित आहे, तिला दिवस गेलेत. तो पुरुष याच मंडळीतला, विवाहित प्राध्यापक, त्या दिवशी आलेलाच नाही.

खटल्यात मातृत्वाचं पावित्र्य वगैरे भारदस्त शब्द भरपूर. ही बोलण्यातली. आणि शेवटी 'न्यायाधीश' निकाल काय देतात? तिच्या पोटातलं मूल नष्ट करावं! भ्रूणहत्येच्या आरोपावरून भ्रूणहत्येची शिक्षा. घडण्यातली आयरनी याहून धारदार कुठे मिळेल? आणि जरा मागे वळून १८८१ च्या त्या विजयालक्ष्मीकडे बघा. मधे शहाऐंशी वर्षं गेली. आरोपीच्या पिंजऱ्यात बाईच, आणि तो पुरुष गैरहजर.

प्रेक्षक की शेजारी?

हे सगळं सांगायचं कारण असं, की समुपदेशनाच्या कामात एक वाक्य वारंवार कानावर येतं. 'सगळ्यांना ठाऊक होतं हो ताई, फक्त मलाच नव्हतं.' मुलगा दारूच्या आहारी गेलेला आहे, त्याचं आधी एक लग्न झालेलं आहे, त्याला मोठा आजार आहे, धंदा कधीच बुडालाय. गल्लीला ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक, लग्न जमवणाऱ्याला ठाऊक, मांडवात अक्षता टाकणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक. बोहल्यावर उभी राहिलेली मुलगी तेवढी अजाण. किंवा हे उदाहरण घ्या. 'इथे सही कर' म्हटलं म्हणून बाईनं सही केली. आपण कर्जाला जामीन राहिलोय, हे वसुलीची माणसं दारात आल्यावर कळलं. घरातल्या बाकी सगळ्यांनी कागद वाचलेला होता. रात्री आठच्या मालिकेतली नायिका आणि ही, यांच्यात फरक काय? फरक एवढाच, की मालिकेतल्या नायिकेला आपण घरातून ओरडून सांगत असतो. हिला कुणीच सांगितलेलं नसतं.

'आपण कशाला कुणाच्या मधे पडा?' हे आपलं नेहमीचं उत्तर. त्यामागे भीती असते, ती खोटी नाही. लग्न मोडलं तर बोल आपल्यावर येईल, भावकीत वाकडं येईल. पण नाटकात प्रेक्षकानं मधे बोलायचं नसतं हा नाटकाचा नियम आहे, गल्लीचा नव्हे. सांगायचीही रीत असते. ऐकीव सांगू नये, डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच सांगावं. चारचौघांत नको, जिचं आयुष्य पणाला लागलंय तिला किंवा तिच्या आईला एकांतात सांगावं. आपला निर्णय तिच्यावर लादू नये. 'चौकशी करून घ्या' एवढं म्हटलं तरी कित्येकदा पुरतं. आणि सही करण्याआधी कागद वाचायचाच, हे तर लेकीसुनांना पोळ्या शिकवतो तसं शिकवायला हवं.

पुढच्या भिशीला किंवा बचत गटाच्या बैठकीला एखादी कथा मोठ्यानं वाचून बघा. वाचून झाली की तीनच प्रश्न विचारा. कोण काय बोललं आणि मनात काय होतं? काय व्हावं म्हणून धडपड केली आणि झालं काय? कुणाला काय ठाऊक होतं आणि कुणाला नव्हतं? पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर गप्पा होतील. तिसऱ्या प्रश्नाला मात्र जरा वेळ द्या. कारण बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना? मग गावभर फिरलेली ती एक गोष्ट नेमकी जिची होती, तिच्याच कानापर्यंत कशी पोचली नाही?